उंबऱ्याची ठेच

अप्पांचा फोन सकाळी आला तेव्हा मी बेंगळुरूत ऑफिसला निघाले होते. "सुमन गेली," एवढंच म्हणाले. सुमनआत्या म्हणजे अप्पांची, माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. लग्न केलं नाही, धारवाडच्या कचेरीत नोकरी केली आणि आमच्याच घरात राहिली. साखरेनं आधी तिच्या पायाचा अंगठा नेला, मग चालणं, शेवटी किडन्या. एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे. माहीत नाही ते आज, महिन्याभरानं, लिहायला बसले आहे.

आत्या गात नसे, ऐकत असे, आणि ऐकण्याचे तिचे नियम गाणाऱ्यांहून कडक. गाण्यासमोर चपला घालून बसायचं नाही, हा पहिला. मध्ये उठायचं नाही, हा दुसरा. मी दहावीत असताना हुबळीला एका कॉलेजच्या मैदानावर रॉक बँड येणार होता. अप्पांनी साफ नाही म्हटलं. मी दोन दिवस जेवले नाही, म्हणजे चोरून आत्याच्या ताटात जेवले. तिसऱ्या दिवशी ती अप्पांना म्हणाली, "अण्णा, हिला घेऊन हुबळीला गाण्याला जाऊन येते." कुणाचं गाणं, हे अप्पांनी विचारलंच नाही.

ऊन उतरायच्या आत पोचलो. फाटकाशी तिनं चपला काढल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आत्या, इथं कोणी काढत नाही."

"गाणं आहे की नाही हे?"

"आहे."

"मग सुम्नीर, गप्प राहा. काढ की."

मी काढल्या आणि पाणी आणायच्या निमित्तानं परत घातल्या. पुढे वर्गातल्या मुली दिसल्या. इरकल साडीतल्या या अनवाणी बाईबरोबर त्यांनी मला बघू नये, एवढंच डोक्यात होतं. तिचा हात सोडून मी गर्दीत घुसले. पहिला ड्रम वाजला तो कानात नाही, बरगड्यांत. मी ओरडले, नाचले, रडले. इतकी सुखी मी त्याआधी कधी नव्हते, नंतरही क्वचितच… हे लपवून काय करू? तिसऱ्या का चौथ्या गाण्याला मागून कोणीतरी माझा दंड धरला. मला शोधत आत्या त्या सगळ्या बुटांमधून आली होती. अंगठ्याचं नख उलटं झालेलं, पाऊल रक्तानं माखलेलं. आता घरी चल म्हणेल असं वाटलं. ती म्हणाली, "संपू दे. मध्ये उठायचं नाही."

चपला फाटकाशी सापडल्या नाहीत. घरी आल्यावर ती तडक मागच्या दाराकडे गेली आणि तिथून "आई गं" म्हणून ओरडली. उंबऱ्याची ठेच लागली, म्हणाली. उभ्या जन्मात केलेलं तिचं ते एकच नाटक. खरं कळलं असतं तर अप्पांनी मला परत कुठं सोडलं नसतं. जखम भरेना तेव्हा साखर असल्याचं कळलं आणि दोन महिन्यांत अंगठा कापावा लागला. पुढे गाण्याच्या बैठकीला खाली न बसता खुर्चीत बसावं लागेल म्हणून तिनं जाणंच सोडलं. मला कधी एका शब्दानं बोलली नाही. मीच तिच्याकडे बघायचं टाळत गेले.

दिवसकार्य झाल्यावर मागच्या दारी गेले तर अप्पा पहारीनं उंबरा फोडत होते. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून त्यांनीच तो उंच बसवून घेतला होता. मी म्हटलं, "अप्पा, गवंड्याला बोलवूया की."

"मी बसवला, मीच काढतो. एवढा उंच नको म्हणाली होती ती. ऐकलं नाही मी." त्यांनी पहार पुन्हा उचलली. मी तिथं उभी होते आणि तोंड उघडलं नाही. त्यानंतर तीनदा फोन केला, हवापाण्याचं बोलून ठेवला.

अप्पा हल्ली रविवारची पुरवणी आत्याच्या खोलीत, तिच्या खाटेच्या कडेला बसून वाचतात, शेवटच्या ओळीपर्यंत. म्हणून इथं, या पुरवणीतच सांगते. अप्पा, उंबऱ्यानं काही केलं नव्हतं. मी तिचा हात सोडला होता.