पान चढवणाऱ्या कुसुमताई

वेबसाईटचं नवं पान सर्व्हरवर चढवून झालं, की कुसुमताई वानखडे पायात चपला सरकवायच्या आणि दोन जिने उतरून खालच्या सायबर कॅफेत जायच्या. बुधवार पेठेतल्या आमच्या चिमुकल्या ऑफिसात इंटरनेट असताना हे कशासाठी, ते मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कळेना. विचारलं तर म्हणाल्या, "आपल्या मशीनवर आपलंच दिसते वं पल्लवी. लोकाले काय दिसते, ते लोकात जाऊन पाहा लागते."

मूळच्या अमरावतीच्या. बँकेच्या बदलीने पुण्याला आल्या, स्वेच्छानिवृत्तीची योजना निघाली तेव्हा सगळ्यांच्या आधी अर्ज दिला आणि कोथरूडच्या एका क्लासात विशीतल्या पोरांबरोबर वेब डिझाईन शिकल्या. "बँकेत जन्मभर लोकायचं कुलपात ठेवलं, आता जगाले दाखवतो," असं म्हणून खळखळून हसायच्या. पन्नाशीच्या बाईला एवढी घाई कशाची, असं वाटावं इतक्या भरभर चालायच्या, बोलायच्या, टाइप करायच्या.

त्यांचा खरा आवेश मी पाहिला तो गिर्यारोहकांच्या साईटच्या वेळी. पुण्यातल्या एका क्लबची तुकडी हिमालयात गेली होती आणि मोहिमेची बातमी आम्ही रोज साईटवर टाकत होतो. मध्येच वादळ आलं. पानावर एकच ओळ राहिली : 'हवामान खराब. संपर्क नाही.' घरच्यांना निदान क्लबकडून फोन तरी जात होते. पण तुकडीतल्या राहुलची बायको मेघना कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत होती. तिने नुकतंच घर बदललं होतं, नवा नंबर कुणाकडेच नव्हता. साईटच्या अभिप्रायाच्या पानावर ती रोमन अक्षरांत मराठी लिहायची. तिचं शेवटचं वाक्य होतं : 'मी हे पान उघडून बसले आहे.'

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लबचे चिटणीस भिडेकाका धापा टाकत जिना चढून आले. "सगळे सुखरूप! शिखर सर करून खाली उतरलेत!"

मी बातमी लिहिली आणि पान चढवलं. फाईल पोचल्याचा संदेशही आला. भिडेकाकांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्यात पान पाहायला खाली गेलेल्या कुसुमताई परत आल्या.

"खाली अजून 'संपर्क नाही'च लिहून आहे!"

मी पुन्हा चढवलं. तेच. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीला फोन लावला, तर लाईन सतत व्यस्त. आदल्याच रात्री त्यांनी आमची साईट नव्या मशीनवर हलवली होती, हे आम्हाला मागाहून कळलं. आता तिथे सारख्या दिसणाऱ्या तीन फोल्डरांत आमच्याच फाईली होत्या. जग त्यातलं कुठलं पाहतंय, कोण सांगणार?

"तिन्हींत टाकून देऊ का?" मी रडकुंडीला आले होते.

"आंधळेपणानं काही करू नको. जुनं काही पुसलं गेलं तर? थांब." त्यांनी एकाच नावाची तीन इवलीशी पानं केली. एकावर नुसतं 'वांगं', दुसऱ्यावर 'भेंडी', तिसऱ्यावर 'कारलं'. प्रत्येक फोल्डरात एकेक टाकलं आणि खाली कुठली भाजी दिसते ते पाहायला त्या जिन्याकडे धावल्या. मी खिडकीत उभी. थोड्याच वेळात कुसुमताई भर रस्त्यात येऊन, दोन्ही हात उंचावून ओरडल्या, "भेंडी! पल्लवी, भेंडी!"

समोरचा रेडिओ दुरुस्तीवाला मान वर न करता म्हणाला, "अहो बाई, मंडई पुढे आहे."

मी भेंडीच्या फोल्डरात बातमी टाकली. कुसुमताई वर येईपर्यंत भिडेकाका आणि मी अभिप्रायाच्या पानाकडे पाहत होतो. ते पुन्हापुन्हा उघडत होतो. काहीच नाही. पुन्हा काहीच नाही. मग अचानक एक ओळ उमटली : 'दिसलं! दिसलं! दिसलं!' खाली मेघनाचं नाव. भिडेकाकांनी चष्मा काढला आणि कुसुमताईंनी मला इतकं घट्ट मिठीत घेतलं, की माझ्या बांगड्या टिचल्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्या अमरावतीला परतल्या आणि बायकांसाठी कॉम्प्युटरचा क्लास काढला. त्यानंतर मेघना भारतात आली. एका सकाळी ती आणि राहुल पेढे घेऊन आमचा जिना चढून आले. "कुसुमताई कुठे आहेत?" तिने दारातूनच विचारलं. मी अमरावतीला फोन लावून रिसीव्हर तिच्या हातात दिला. "मी मेघना," एवढंच ती म्हणाली आणि हुंदके देऊ लागली.

पलीकडचा तो खणखणीत आवाज मला टेबलाच्या या बाजूलाही ऐकू आला.

"रडतेस काऊन वं पोरी? घरी आला ना तो? मग हास!"