पिशवीवर बसून पाहिलेला झेंडा

गेल्या वर्षी सिंगापूरला मुलाकडे गेलो, तेव्हा नेमका त्यांच्या देशाचा स्वातंत्र्याचा दिवस आला. समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांतून लाल-पांढरे झेंडे लटकत होते. मुलगा-सून दोघंही दवाखान्यात कामाला, आणि दवाखान्याला सुट्टी नसते. म्हणून तळमजल्यावरच्या कार्यक्रमाला नातवंडांना घेऊन आम्ही दोघांनीच जायचं ठरलं. नऊ वर्षांची नात तिथं मुलांबरोबर गाणं म्हणणार होती. पाच वर्षांच्या नातवाला फक्त आइस्क्रीमशी मतलब.

आमच्या ह्यांना सत्काराचा भारी नाद. जुन्नरकडच्या लग्नांत अक्षता पडायच्या आधी पाहुण्यांचे सत्कार चालतात. नवरानवरी घामाघूम होऊन उभी, आणि माइकवर एकेकाचं नाव. त्यात आपलं नाव आलं नाही, तर ह्यांना ते जेवण अळणी लागतं.

त्या सकाळी पाहते, तर ह्यांनी कापडी पिशवीत शाल, टोपी आणि तिथल्या दुकानातून आणलेला नारळ भरून ठेवलेला.

"हे कशाला?"

"अगं, परक्या देशाचा झेंडा, आपण पावणं. मोकळ्या हातानं जायचं व्हय? अध्यक्ष गडी निघाला तर टोपी, बाई निघाली तर शाल. नारळ दोघांनाबी चालतो."

"आणि बोलणार कोणत्या भाषेत?"

"सत्काराला भाषा लागत न्हाई."

नातीनं हे ऐकलं. आम्हाला येऊन तीन आठवडे झाले होते, पण ती माझ्याशी 'हो' आणि 'नको' याच्या पुढं बोलत नव्हती. मी पडले मुलखाची लाजरी, मलाही विचारायला सुचत नव्हतं. त्या दिवशी तिनं मला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"आजी, प्लीज. माझ्या सगळ्या मैत्रिणी असणारेत. आजोबांना ते करू देऊ नको. प्रॉमिस?"

तिनं माझ्याकडं मागितलेली ही पहिलीच गोष्ट. मी प्रॉमिस म्हणाले. पण एवढ्या वर्षांच्या संसारात ह्यांना मी कधी कुठं थांबवलंय?

खाली खुर्च्या मांडल्या होत्या. "द्या, मी धरते" म्हणून पिशवी घेतली, खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसले. शाल मऊ होती, नारळ नव्हता.

झेंडा वर गेला. राष्ट्रगीत झालं. उठून उभी राहिले, तेव्हा पदर मागं पसरून पिशवी झाकली आणि पुन्हा बसले. एक बाई चार वाक्यं बोलल्या, टाळ्या झाल्या. एवढ्या वेळात आमच्याकडं माइकचं 'हॅलो, हॅलो'सुद्धा संपत नाही.

"पिशवी कुटंय?" ह्यांनी विचारलं.

"असंल इथंच."

"आजी बसलीय त्याच्यावर," नातू म्हणाला.

"ऊठ."

"न्हाई उठत. गुडघा धरलाय."

हे माझ्याकडं बघतच राहिले. तेवढ्यात मुलं गाण्याला उभी राहिली. नात गाताना सारखी आमच्या रांगेकडं बघत होती. आजोबा खुर्चीत आहेत ना, याची खात्री चालली होती.

मुलांच्या समोर लाल टी-शर्ट घातलेली एक म्हातारी चिनी बाई हातवारे करून त्यांना शब्द सुचवत होती. तिनंच महिनाभर रोज संध्याकाळी मुलांना गाणं शिकवलं, असं सुनेनं सांगितलं होतं. गाणं संपलं आणि सगळे खाण्याच्या टेबलाकडं धावले. नातवानं ह्यांना आइस्क्रीमकडं ओढून नेलं. ती म्हातारी एकटी खुर्च्या एकावर एक रचायला लागली. कोणी तिच्याशी दोन शब्दसुद्धा बोललं नाही.

मला ते बघवेना. दिलेला शब्द आठवत होता, तरी पाय निघालेच. तिच्या खांद्यावर शाल घातली, बटव्यातलं हळदीकुंकू लावलं आणि ओटीसाठी नारळ पुढं केला. तिनं हात पुढं केले. ओटी काय हातात घेतात? मी "पदर, पदर" म्हणत राहिले. तिला कुठला पदर!

मागं वळून बघते, तर नात उभी. सोबत दोन मैत्रिणी. तिचे कान लाल झालेले. मला वाटलं, संपलं, आता ही परत माझ्याशी बोलायची नाही.

तिनं मैत्रिणींकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग स्वतःच्या टी-शर्टची खालची कड दोन्ही हातांनी पुढं धरून म्हातारीला दाखवलं आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाली. म्हातारी हसली आणि तिनंही कड पुढं धरली. मी नारळ टाकला. लगेच दोन्ही मैत्रिणींनीही आपापल्या कडा धरल्या. त्यांच्यासाठी नारळ कुठून आणू? कुंकवावर भागवलं.

हे आइस्क्रीम घेऊन आले आणि कपाळाला हात लावला. "अगं, येकटीनंच उरकलंस? नावबी पुकारलं न्हाई, फोटोबी न्हाई!"

लिफ्टमध्ये नात म्हणाली, "तू प्रॉमिस मोडलंस."

"मोडलं गं. चुकलं माझं."

"आजोबांना नको म्हटलं. तुलापण म्हणायला पाहिजे होतं." मग म्हणाली, "ती बाई मला विचारत होती, हे का करतात. मला सांगता नाही आलं."

मी म्हणाले, "तिनं महिनाभर तुमच्यासाठी घसा कोरडा केला. अशा बाईला मोकळ्या ओटीनं घरी पाठवायचं नसतं."

लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली. हे आणि नातू बाहेर पडले. नातीनं परत तळमजल्याचं बटण दाबलं.

"मी तिला सांगून येते," ती म्हणाली. "तूपण चल. तुझ्याशिवाय कसं सांगू?"