देवदाराची तपासणी

अजून आठवलं तरी माझं डोकं फिरतं, पण चहा उकळेपर्यंत सांगूनच टाकतो. हसायचं नाही हं!

माझा मेहुणा फौजेत आहे. हिमाचलातून सुट्टीवर आला तो देवदाराच्या बिया घेऊन. म्हणाला, "दाजी, यातलं एक रोप तरी जगवा. बाबांच्या नावानं गावी लावायचंय. पुढच्या सुट्टीत न्यायला येतो." सासरे नुकतेच गेलेले. बायकोच्या डोळ्यांत पाणी. मी छाती ठोकून म्हणालो, "एक कशाला? सगळी जगवतो!"

अहो, मी चाकणच्या कंपनीत क्वालिटीला. माझ्या हाताखालून खराब माल सुटत नाही, समजलं?

या बियांना आधी गारठा लागतो. ठेवल्या फ्रिजमध्ये, दह्याशेजारी. मग चिखलीच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत कुंड्यांमध्ये लावल्या. अंकुर आले! आणि आले तसे माना टाकायला लागले. आज एक आडवा, परवा दुसरा!

माझा संशय वरच्या मजल्यावरच्या काकांवर. मूळचे चिखलीचेच, आणि सकाळ-संध्याकाळ कबुतरांना दाणे टाकणार. गेलो तणतणत वर.

"काका, तुमच्या कबुतरांनी माझी रोपं मारली!"

"आमची? आमी काय पाळल्यात व्हय?"

"मग दाणे कोण टाकतं?"

"मी टाकतो. जावा, काय करायचं ते करा!"

असा संताप आला म्हणता! म्हटलं, थांबा, पुरावाच देतो. जुना मोबाइल कॅमेरा म्हणून गॅलरीत लावून ठेवला.

तेवढ्यात मेहुणा आला सुट्टीवर. तोवर एकच रोप उरलं होतं, तेही नेमकं त्याच सकाळी कोलमडलं. बायको रडायलाच लागली. माझं टाळकं सटकलं. काकांना हाताला धरून खाली आणलं आणि सगळ्यांसमोर व्हिडिओ लावला.

कबूतर आलं. कठड्यावर बसलं. उडून गेलं.

मग बनियनमधला एक माणूस आला. त्यानं रोप हळूच उपटलं, मूळ झटकलं, व्हर्निअर लावून त्याची लांबी मोजली आणि रोप पुन्हा मातीत खोचून ठेवलं.

तो माणूस मी!

"अहो!" बायको किंचाळली. "रोज उपटून बघत होता?"

"उपटून नाही गं, तपासून! मूळ वाढतंय की नाही ते कसं कळणार?"

मेहुण्यानं बॅगेतून नव्या बिया काढल्या आणि सरळ काकांच्या हातात दिल्या. माझ्या घरात, माझ्यासमोर!

आता काकांच्या गॅलरीत वीतभर देवदार उभा आहे. परवा राहवलं नाही, आम्ही दोघं बघायला गेलो. काका दारातच आडवे आले.

"बघा की, सायेब. पन आधी हात मागं बांधा."

अंगाचा नुसता तिळपापड झाला! पण बांधले. आणि बायकोनं ते मागून घट्ट धरून ठेवले.