कांदा-लसूण न खाणारी मुलगी

माझ्या आईने मला गल्लीभर साध्वी करून टाकलं, तेव्हा मी रोज सकाळी व्हिस्की चाखण्याची नोकरी करत होते. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही माझं डोकं तापतं.

आमचं घर चिक्कडपल्लीत. वडील जामबागेजवळच्या एका शाळेत शिकवून निवृत्त झालेले, मी रसायनशास्त्र घेऊन एम. एस्सी. झालेली. सिकंदराबादच्या पलीकडे दारूचा एक मोठा कारखाना होता, त्याच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. नेमणुकीचं पत्र बाबांनी उभ्या उभ्या वाचलं, घडी करून खिशात घातलं, आणि समोरच्या जोशीणबाई विचारायला आल्या तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, “औषधांच्या कंपनीत लागली.” त्या काळी हैदराबादेत औषधांच्या कंपन्या इतक्या निघाल्या होत्या की कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे. मला वाटलं, दोन दिवस जातील आणि बाबा खरं सांगतील. मी तेव्हा बाबांना ओळखत नव्हते.

काम असं होतं. सकाळी साडेदहाच्या सुमाराला, नाक ताजं असतं तेव्हा, टेबलावर पेले मांडायचे. खाली गोल, वर निमुळते, प्रत्येकावर काचेची चकती. दारूत ऊर्ध्वपातित पाणी घालून ती निम्म्याहून हलकी करायची, चकती बाजूला सरकवून वास घ्यायचा, घोट तोंडात फिरवायचा आणि थुंकून टाकायचा. एक थेंबही पोटात जाऊ द्यायचा नाही. मला हे ज्यांनी शिकवलं ते आमचे मुख्य ब्लेंडर, म्हणजे कुठला माल कशात किती मिसळायचा हे ठरवणारे. पन्नाशीचे तेलुगू गृहस्थ. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, “अम्मा, नाक आणि जीभ सांभाळायची. कांदा नाही, लसूण नाही, हिंग नाही, लोणचं नाही. पान नाही. गजरा, अत्तर, वासाचा साबण, काही नाही.” मी घरी येऊन ही यादी आईला जशीच्या तशी सांगितली, कारणासकट.

आईने कारण गाळलं आणि यादी ठेवली.

आधी ती शेजारणींना म्हणाली, आमची मुलगी कांदा-लसूण खात नाही. मग म्हणाली, गजरासुद्धा माळत नाही हो, मोह नाहीच कसला. वर्षभरात माझं व्रत झालं आणि त्या व्रताला कुठलेसे महाराजही मिळाले. भजनी मंडळातल्या बायका मला सोवळ्यातल्या स्वयंपाकाला बोलवायला लागल्या. दिवसभर माल्टचे, म्हणजे बार्लीच्या दारूचे, नमुने हुंगून आलेली मी संध्याकाळी त्यांच्या नैवेद्याचे मोदक वळत होते आणि त्या एकमेकींना म्हणत होत्या, बघा कशी शांत आहे. शांत कसली, मी दात आवळून बसलेली असायची.

घरात मात्र वेगळाच कायदा. कारखान्यातून आले की आधी अंघोळ, मगच स्वयंपाकघर. माझे कपडे वेगळ्या बादलीत, वाळत मागच्या बाजूला. देवापुढचं निरांजन मी लावलेलं आईला चालत नसे. बाहेर साध्वी आणि घरात विटाळ! आणि माझ्या पगारातून आलेल्या फ्रीजला मात्र तिने हळद-कुंकू वाहिलं होतं.

बाबा स्वतः घेत. दर रविवारी संध्याकाळी गॅलरीत, त्यांचे एक निवृत्त वकील मित्र आणि ते, दोन दोन पेग, सोबत भाजलेले शेंगदाणे आणि त्यावर बारीक चिरलेला कांदा. तो कांदा आई चिरून द्यायची. रविवारच्या ह्या कार्यक्रमाला आमच्या घरात ‘बैठक’ म्हणत. बाबांचा सदरा कुणी वेगळ्या बादलीत टाकला नाही.

मग देशाची दारं उघडली. राज्यात दारूबंदी यायच्या आधीची ही गोष्ट. घराघरांत केबल आली, रस्त्यावर नव्या गाड्या आल्या, आणि आमच्या कारखान्यात एक परदेशी कंपनी भागीदार म्हणून आली. त्यांचा परदेशी माल्ट आणि आपला माल मिसळून नवी व्हिस्की काढायची ठरलं. त्याआधी जगात काय काय आहे ते कळायला हवं, म्हणून खोकी भरभरून बाटल्या आल्या. आमच्या ब्लेंडरसाहेबांनी सगळ्या माझ्या ताब्यात दिल्या. रोज एक नवी उघडायची, चाखायची, काय वाटलं ते सांगायचं.

तेवढे महिने मी जन्मात कधी नव्हते इतकी सुखात होते. एकीला विझवलेल्या चुलीचा वास, एकीला पिकल्या केळाचा, एकीला जुन्या लाकडी पेटीचा. एक तर थेट टिंक्चर आयोडीनसारखी. ती चाखताना मला हसू आलं. म्हटलं, बाबा अगदीच खोटं बोलत नाहीत. मला हे काम येत होतं. नुसतं येत नव्हतं, चांगलं येत होतं. साहेब एकदा म्हणाले, “मी गेलो की ही खुर्ची तुझी, अम्मा.” बसमधून घरी येताना मी ते वाक्य मनात घोळवत होते आणि घरी येऊन ते सांगायला कुणी नव्हतं. मी सांगायला सुरुवात केली की आई खिडकी लावून घ्यायची.

मला फार काही नको होतं. बाबांनी एकदा, फक्त एकदा, चार माणसांत माझ्या कामाचं नाव घ्यावं, एवढंच हवं होतं.

अशात पुण्याचं स्थळ आलं. मुलगा कॉम्प्युटरवाला, एका परदेशी कंपनीत, नुकताच हैदराबादेत बदलून आलेला. त्याच्या आईला सात्त्विक मुलगी हवी होती आणि माझ्या व्रताची कीर्ती कुणा नातेवाइकाकडून पुण्यापर्यंत पोचली होती. मी बाबांना म्हटलं, त्यांना खरं सांगा, मग बोलवा. बाबा म्हणाले, “मगज नको खाऊ, बेटा. आधी बघून तर जाऊ दे.”

रविवारी संध्याकाळी मुलगा आणि त्याचे आईवडील आले. पोहे झाले, चहा झाला. मग बाबांना आपण काही जुनाट मास्तर नाही हे दाखवायची हुक्की आली. परदेशी कंपनीतला जावई मिळणार म्हणून त्यांनी वकील काकांकरवी एक इंपोर्टेड बाटली मिळवून ठेवली होती. “थोडी चालते ना?” असं मुलाच्या वडिलांना हळूच विचारून त्यांनी पुरुषांना गॅलरीत नेलं. आत मुलाची आई माझ्या आईला म्हणत होती, “आजकाल अशी मुलगी मिळते कुठे हो? आमच्याकडे चातुर्मास सोडला तर सर्रास कांदा असतो, आता हिच्यामुळे बंद होईल.” मी तळलेल्या काजूंची बशी घेऊन गॅलरीत गेले.

पेले भरलेले होते. बाटलीचं लेबल बघितलं आणि मी ओळखलं, ही तर दोन आठवड्यांपूर्वी मी उघडली होती. तिला मधाचा वास होता आणि मागून सुक्या सफरचंदाचा. इथे गॅलरीत मात्र नेलपॉलिश पुसायच्या औषधाचा वास येत होता. कच्चं स्पिरिट, करपवलेली साखर, वरून इसेन्स. रिकाम्या बाटलीत कुणीतरी काहीतरी भरून विकलं होतं. काय भरलं होतं देव जाणे. असलं काहीबाही पिऊन माणसं मेल्याच्या बातम्या तेव्हा पेपरात येतच असत.

“पिऊ नका,” मी म्हणाले. “बाबा, ही नकली आहे.”

बाबा हसले. “काय बोलायलीस, बेटा? इंपोर्टेड आहे. सील मी माझ्या हातानं तोडलो.”

मुलाचे वडील सज्जनपणे म्हणाले, “पण तुम्हाला कसं कळलं?”

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी अगदी किंचित मान हलवली, नको म्हणून. तरीही मी थांबले. मनात म्हटलं, बोला. आत्ता बोला. यापेक्षा चांगली वेळ येणार नाही. ह्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे आणि तुमच्या मुलीला त्यातलं कळतं, एवढंच सांगायचंय.

बाबा म्हणाले, “औषधांच्या कंपनीत आहे ना, वास घ्यायची सवय लागली तिला.” आणि सगळं ठीक आहे हे दाखवायला त्यांनी स्वतःचाच पेला उचलून ओठाला लावला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस खोटं टिकवायला विष प्यायला निघाला होता. मी त्यांच्या हातातला पेला ओढून घेतला आणि शेवंतीच्या कुंडीत ओतला. मग बाटलीतले चार थेंब तळहातावर घेतले, दोन्ही हात चोळले आणि मुलाच्या नाकापुढे धरले. “घ्या वास.”

त्याने तोंड वाकडं केलं. “थिनरसारखा येतोय.”

“मी दारूच्या कारखान्यात काम करते,” मी म्हणाले. “रोज सकाळी एक नवी व्हिस्की चाखते. ह्या लेबलची दोन आठवड्यांपूर्वीच चाखली होती. ही ती नाही.”

मुलाच्या वडिलांच्या हातात पेला तसाच होता. तो खाली न ठेवता ते म्हणाले, “म्हणजे तुम्ही रोज दारू पिता?”

“पीत नाही. थुंकते.”

दारात मुलाची आई उभी होती. तिने नवऱ्याकडे बघितलं नाही, त्याच्या हातातल्या पेल्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि पर्स उचलली. ती माणसं पाच मिनिटांत जिना उतरून गेली. आपल्या पोटात काय जाणार होतं आणि कुणामुळे गेलं नाही, याबद्दल एका तोंडातून एक शब्द निघाला नाही. बाबा खुर्चीत बसून राहिले. मग म्हणाले, “माझं नाक कापलंस.” मी म्हणाले, “जीव वाचवला.” ते म्हणाले, “एकच झालं.”

मी त्या रात्री जेवले नाही आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कारखान्यात गेले.

आई मात्र डगमगली नाही. आठवड्याभरात गल्लीला कळलं की स्थळ आमच्या मुलीनेच नाकारलं, कारण मुलाकडची माणसं पिणारी निघाली. भर गॅलरीत मुलीने पेला हिसकावून ओतून दिला! घडलं ते सगळं खरं होतं आणि त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं. जोशीणबाई मला नारळ घेऊन भेटायला आल्या. मी त्यांना सांगायला तोंड उघडलं, तर आई मध्येच म्हणाली, “तिला स्वतःचं कौतुक आवडत नाही.”

काही दिवसांनी एका रविवारी बाबा स्वयंपाकघरात आले. वकील काका बाहेर गॅलरीत बसले होते. बाबांच्या हातात नवी बाटली होती, सील न तोडलेली, पुन्हा इंपोर्टेड. त्या दिवसापासून त्यांना भीती बसली होती. हळूच म्हणाले, “बेटा, जरा बघ ना. चांगली आहे का?”

मी पोळी लाटत होते. लाटणं बाजूला ठेवलं.

“बघते,” मी म्हणाले. “तुम्ही बाहेर जाऊन काकांना सांगा, माझी मुलगी दारूच्या कारखान्यात आहे, ती व्हिस्की पारखते, तिला दाखवून आणतो. एवढं सांगा. मी लगेच बघते.”

बाबा उभे राहिले. आईने खिडकी लावली. गॅलरीतून काकांनी हाक मारली, “क्या हुआ भई, मास्तर? आणायलास की नाही?” बाबांनी माझ्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. त्यांचे ओठ हललेसुद्धा. मग ते वळले, आतल्या खोलीत गेले, बाटली कपाटात रजयांच्या मागे ठेवली आणि गॅलरीत जाऊन म्हणाले, “आज नक्को, वकीलसाब. ॲसिडिटी झाली.”

पुढच्या रविवारीही ॲसिडिटी. त्याच्या पुढच्याही. बाबांनी दारू सोडली. तीस वर्षांची बैठक मोडली, पण माझ्या नोकरीचं नाव तोंडातून काढलं नाही. आणि गल्ली म्हणाली, पोरीच्या व्रतानं बापाची सुटली. आईने त्या पुण्याईपोटी सत्यनारायण घातला आणि प्रसाद वाटायला मला पाठवलं.

साहेब निवृत्त झाले तेव्हा खुर्ची मला मिळाली. आमच्या त्या नव्या व्हिस्कीचं प्रमाण मी बसवलेलं आहे. देशातल्या कितीतरी गॅलऱ्यांमध्ये ती रविवारी उघडली जात असेल. बाबांनी ती कधी चाखली नाही.

ते गेल्यावर तेराव्याला वकील काका आले होते. पार थकलेले. जेवण झाल्यावर माझा हात धरून म्हणाले, “बेटा, तू अजून औषधांच्या कंपनीतच आहेस ना?”

मी उठले. कपाट उघडलं, रजयांच्या मागे हात घातला. बाटली होती तिथेच होती. ती घेऊन मी काकांसमोर बसले, सील तोडलं, थोडी पेल्यात ओतली आणि वास घेतला. मध, आणि मागून सुकं सफरचंद. मी पुन्हा एकदा घेतला, कारण माझा विश्वास बसेना.

“काका, मी दारूच्या कारखान्यात आहे,” मी म्हणाले. “पहिल्या दिवसापासून. आणि ही अस्सल आहे. बाबा त्या दिवशी एक वाक्य बोलले असते, तर तुम्ही दोघं प्याला असता.”