क्लॉज सात, सर्वानुमते

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, बहिणीला नाही, देवापुढे उभी राहूनही नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही. गेल्या रविवारी गुरुग्रामला सिनेमाला गेले होते. आवाजाने छाती धडधडायला लागली, मध्यंतरातच उठून आले. तेव्हापासून एका जागी बसवत नाही.

मी दिल्लीत सरकारी नोकरीत होते. सिनेमागृहांसाठी तांत्रिक मानकं ठरवणारी एक समिती होती — पडदा किती उजळ असावा, आवाज किती मोठा चालेल — तिची मी सचिव. कंटाळवाणं काम, म्हणाल. होतंच. पण एका क्लॉजवर गाडं अडलं होतं: आवाजाची कमाल मर्यादा. थिएटरवाल्यांना ती नको होती, समितीतल्या देवधरकाकांना हवीच होती. काकांनी उभा जन्म प्रोजेक्शनच्या केबिनमध्ये काढलेला. डावा कान गेलेला, उजव्यात मशीन. "पुढच्यांचे कान तरी वाचू देत," एवढंच त्यांचं म्हणणं.

समितीत मतदान नसतं. अध्यक्ष विचारतात, कुणी बोललं नाही की मंजूर. म्हणून काका माझ्या शेजारी बसायचे आणि अध्यक्षांचा प्रत्येक प्रश्न मी त्यांच्या उजव्या कानाशी मोठ्याने पुन्हा म्हणायचे. सगळ्यांना त्याची सवय झाली होती. तीन बैठकांत तीनदा काकांनी हात वर केला आणि हा क्लॉज, सातवा, राहिला.

चौथ्या बैठकीत, जेवणाच्या सुट्टीत, अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, आज इसे निपटा दीजिए. बिल्कुल आज." ते माझे साहेबही होते, आणि माझी बढती त्यांच्या शेऱ्यावर अडलेली. — मी काही ठरवलं नव्हतं, असं म्हणायला आवडेल. ठरवलं होतं.

जेवणानंतर अध्यक्षांनी हरकत विचारली, "क्लॉज सात हटाने में किसी को आपत्ति?"

मी पाणी प्यायले. काका माझ्याकडे बघत होते — मी काय सांगते, याची वाट बघत. मी हसले. तेही हसले. बस, एवढंच. 'सर्वानुमते वगळण्यात आले,' मी लिहिलं.

इतिवृत्त पोचल्यावर त्यांचा फोन आला. "मीनल, अगं, हे कधी झालं?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं, नाही का? त्यांच्याशी फोनवर ओरडूनच बोलावं लागायचं. मी ओरडले, "जेवणानंतर, काका! मी सांगितलं तुम्हाला. तुम्ही मान हलवलीत!"

"असेल बाई. माझाच आता भरवसा राहिला नाही."

आठवड्याने राजीनामा आला, सुवाच्य अक्षरात: ऐकू येत नसल्याने माझ्या हातून समितीच्या कामात चूक झाली, क्षमस्व. मी तो फाइलला लावला, पोच पाठवली. बढती मिळाली. काका गेले तेव्हा काकूंना भेटायला गेले होते. शेवटपर्यंत ती चूक मनाला लावून घेतली त्यांनी, असं काकू म्हणाल्या — माझा हात हातात घेऊन. मी चहा पिऊन घरी आले.

काकांनी मान हलवली नव्हती.