तात्यांची बोलकी पाटी

आमच्या बारामतीच्या शेडमध्ये तयार माल कमी आणि किस्से जास्त साठतात. माणसं तीनच. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या वैशालीताई, खोकी आणि फ्रेमा बनवणारे भवानीनगरचे सोपानराव आणि सोल्डरिंग करणारा चिडका मी. सोपानरावांच्या वडिलांचं, म्हणजे तात्यांचं, बोलणं लकव्यानं गेलं. हात इतका थरथरतो की त्यांनी कागदावर लिहिलेलं कुणाला वाचता येईना. म्हणून आम्ही एक स्क्रीन करायला घेतली. तिच्यावर पेनानं लिहायचं आणि ते थरथरतं अक्षर तिनं मोठ्यानं वाचून दाखवायचं. जमलं नाही तर तात्या कायमचे गप्प, ही धास्ती रोजचीच.

*

पहिली चाचणी सोपानरावांनीच घेतली. असा जोर लावला की काच तडकली!

"अहो, पेन हाय का पहार?" मी ओरडलो.

"आमच्यात असंच लिवत्यात," ते म्हणाले. जाड काच यायला तीन आठवडे गेले.

*

तात्या दिवसभर ओट्यावर बसणार आणि आमची स्क्रीन उन्हात दिसेना. कऱ्हाटीच्या एका शेतात चाचणी घेताना वैशालीताई डोक्यावरून चादर घेऊन स्क्रीनवर वाकल्या. वाटेनं एक म्हातारी चालली होती, ती थांबली.

"वाफारा घरात घ्यावा गं पोरी, हितं वारं लागंल!"

मग आम्ही कागदासारखा डिस्प्ले बसवला. ऊन जितकं जास्त तितकं त्यावर स्वच्छ दिसतं.

*

त्याच शेतातल्या आबांना पेन दिलं. त्यांनी सवयीनं टोक जिभेवर ओलं केलं आणि पेन बंद पडलं! माझी रात्रंदिवसाची मेहनत पाण्यात.

"आबा, ही पाटीवरची पेन्सिल न्हाय!"

"व्हय, चवीवरनंच कळलं!"

*

प्रोग्रॅमला थरथरत्या अक्षरांचे नमुने हवे होते. मुद्दाम थरथरायला कुणालाच जमेना. शेवटी सोपानरावांनी ट्रॅक्टर चालू केला. आम्ही आळीपाळीनं मडगार्डवर बसून सगळी बाराखडी लिहिली. शेजारच्या शेडवाल्यानं विचारलं, "ट्रॅक्टरवर शाळा भरलीया का?"

*

मग तो दिवस आला. सकाळी डाळिंबाला पाणी सोडून सोपानराव आम्हाला न्यायला आले. घरी पोचलो तर तात्या बेचैन. चहा ढकलून दिलेला, हात सारखा खिडकीकडं.

"तुमी गेल्यापासनं असंच चाललंय," वहिनी रडवेल्या झाल्या. "पाणी दिलं, गोळी दिली. काय हवंय कळंना."

"परत झटका आला का काय? गाडी काढू?" सोपानरावांचा चेहरा उतरला.

वैशालीताईंनी पाटी तात्यांच्या मांडीवर ठेवली. पेन दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा अक्षरं उमटली, पण पाटी गप्प. तात्यांनी डोळे मिटले. मला स्वतःची लाज वाटली.

"तात्या, आणखी एकदा लिवा. आमी हाय हितं," सोपानराव म्हणाले.

त्यांनी दात आवळून पुन्हा लिहिलं. पाटी क्षणभर थांबली आणि मग आत भरून ठेवलेल्या, बाईच्या गोड, शहरी आवाजात बोलली,

"सोप्या, गाढवा, मोटर बंद कर. डाळिंब बुडालं."

मोटर तशीच चालू राहिली. सोपानराव डोळे पुसत खाली बसले.

"ताई," ते म्हणाले, "परत एकदा वाजवा की!"