मिस्फाच्या पाटावर ऐकलेला एक शब्द

कणीक मळून झाली होती, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती आणि मी मोरीत ह्यांच्या शर्टाची कॉलर घासत होते. हे दारात बसून बुटात नवीन लेस ओवत होते. म्हणाले, "काल निझवाच्या पुढे साइटवर गेलो होतो. डोंगरात मिस्फा म्हणून गाव आहे. खजुराच्या झाडांतून पाट वाहतो, अगदी तुझ्या माहेरासारखा. थंडीत तुला नेतो." मी म्हटलं, "आधी गॅसवाल्याला फोन करा." त्या सकाळी एवढंच बोलणं झालं. थंडी यायच्या आधीच हे गेले. कामावर असताना, छातीत दुखून.

त्याला आता तीन वर्षं झाली. मी मस्कतमध्येच, दार्सैतला राहिले. एका भारतीय शाळेच्या लायब्ररीत पुस्तकं लावायचं काम मिळालं आणि मुलीची, गौरीची, बारावी इथेच करायची ठरवली. माझं शिक्षण नववीपर्यंत. पुस्तकं लावता लावता ती उघडायची सवय लागली, आणि एकदा फलजवरचं पुस्तक हाती आलं. फलज म्हणजे डोंगरातलं पाणी नुसत्या उताराने गावात आणणारा पाट. पंप नाही, वीज नाही. ओमानमध्ये असे पाट शेकडो वर्षं वाहताहेत. मार्चमधल्या एका शुक्रवारी जायचं ठरवलं.

गाडी बस्त्यावभाऊंची. ते वसईचे, ह्यांच्याबरोबर एकाच वर्कशॉपमध्ये होते, अजूनही दर आठवड्याला विचारपूस करतात. सकाळी सहाला निघालो. गाडीत बसतो तोच त्यांच्या मोबाइलवर सूचना आली: दुपारनंतर डोंगरात पाऊस.

"वहिनी, पुढच्या शुक्रवारी जाऊया का?"

"तीन वर्षं पुढचा शुक्रवारच चाललाय," मी म्हटलं.

वाटेत त्यांनी तीनदा मान वाकवून आभाळ बघितलं. मी मुद्दाम बघितलं नाही.

निझवापर्यंत रस्ता उत्तम, दोन तास धरा. शुक्रवारी सकाळी तिथे बकऱ्यांचा बाजार भरतो, तो बघायचा तर लवकर पोचा. किल्ल्याच्या तिकिटासाठी रेसिडेंट कार्ड जवळ ठेवा, फरक पडतो. गोल बुरुजावर चढणारा जिना अंधारा आणि अरुंद आहे, आणि प्रत्येक दरवाज्याच्या वर छताला भोक आहे. शत्रू दारात अडकला की त्यातून खजुराचा उकळता रस ओतायचे. मी ते वाचलं होतं म्हणून गौरीला सांगायला लागले, शेवटी मी म्हटलं, "बाबांना हे आपल्याला दाखवायचं होतं."

"आई, प्लीज. प्रत्येक ट्रिप बाबांच्या नावाने सॅड का करायची?" ती म्हणाली आणि पुढे निघून गेली. ते दुपारपर्यंत आमच्यात राहिलं. बाजारातल्या छोट्या भारतीय हॉटेलात डाळ आणि पराठे खाल्ले, चांगले होते. पण टेबलावर एकटे बस्त्यावभाऊच बोलत होते.

मिस्फाला साधी गाडी जाते, फोर बाय फोर लागत नाही. मात्र गाडी गावाबाहेर ठेवून चालायचं. दगडी घरांच्या बोळातून पायऱ्या उतरलं की पाट लागतो. दोन वीत रुंद, पाणी काचेसारखं. काठाच्या दगडावरून एकापाठी एक चालायचं. पायात रबरी तळव्याचे बूट हवेत, आणि पाटात पाय सोडून बसू नका, गावाचं पाणी आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली खाली उतरत गेलेली वाडी: खजूर, केळी, लिंबू, मधे लसूणघास. मी वाडीच म्हणणार. माझ्या माहेरी नारळी-पोफळीच्या बागेला वाडीच म्हणतात. पाट बघून मी तिथेच बसले. बस्त्यावभाऊ गुडघ्यामुळे वरच कॉफी पीत थांबले होते. गौरी फोटो काढत पुढे गेली होती.

एक म्हातारे ओमानी गृहस्थ पाटाच्या तोंडाशी ओणवे झाले होते. दगड आणि चिंधीचा बोळा काढला, पाणी एका वाफ्याकडे वळलं. माझी आई हेच काम मातीच्या ढेकळाने करायची. त्यांनी मला बघितलं, मग डोंगराकडे. तिथे काळं झालं होतं.

"ऊपर बारिश," ते म्हणाले. जुन्या माणसांना इथे हिंदी येतं. "वादी नहीं जाना. वादी बिलकुल नहीं."

मी ऐकलं वाडी.

वादी म्हणजे डोंगरातलं कोरडं नदीपात्र, पाऊस वर पडला की क्षणात भरणारं. अकरा वर्षं इथे राहून हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मस्कतमधल्या वादी कबीर ह्या वस्तीलासुद्धा आम्ही 'वाडी कबीर'च म्हणतो, आणि त्या क्षणी माझ्या चहूबाजूंना वाडीच होती. वाटलं, पावसात दुसऱ्याच्या बागेत थांबू नका म्हणताहेत. झाडाबिडाची फांदी पडेल. मी गौरीला फोन लावला.

"वाडीत थांबू नको. बाहेर पड. खाली मोकळ्यावर जाऊन बस, मी येते."

"खाली? ओके." तेवढ्यात रेंज गेली.

पाचएक मिनिटांत बस्त्यावभाऊ पायऱ्या उतरत आले. "गौरी कुठाय?"

"खाली पाठवली मोकळ्यावर. हे बाबा म्हणाले, वाडीत थांबायचं नाही."

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. "वहिनी, वादी! खाली मोकळं म्हणजे वादीच ना ती!"

म्हाताऱ्या बाबांना भाषांतर लागलं नाही. ते अनवाणी धावत सुटले, बांधाबांधावरून उड्या टाकत. मी मागे. खाली पांढऱ्या गोट्यांचं रुंद पात्र, आणि मधल्या मोठ्या दगडावर, आमच्याकडे पाठ करून, कानात इअरफोन घालून गौरी.

"यल्ला! यल्ला!" बाबा ओरडले. मी घशातून रक्त येईल अशी ओरडले. तिने इअरफोन काढला, वळली.

"वर ये!"

"आत्ता तर खाली म्हणालीस!" कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. भांडायला.

मग ट्रकमधून खडी ओततात तसा आवाज आला. तिनेही ऐकला. पळाली. गोट्यांवरून एकदा पडली, उठली. बाबांनी काठावरून वाकून तिचं मनगट धरलं आणि ओढली, तेव्हा तांबडं पाणी तिच्या पोटऱ्यांना लागलं होतं. एक चप्पल गेली. तो दगड माझ्या डोळ्यांदेखत बुडाला.

"मैं बोला था, वादी नहीं!" बाबा माझ्यावर ओरडले. ओरडायलाच हवं होतं. बस्त्यावभाऊ धापा टाकत आले आणि त्यांना म्हणाले, "बाबा, इसके गाँव में बाग को वाडी बोलता है."

बाबा माझ्याकडे वळले. "बाग में पानी मैं छोड़ता हूँ," ते म्हणाले, "उसमें कौन डूबेगा?"

गौरी हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

"वर बोर्ड होता," ती मला म्हणाली. "पावसात वादीत उतरू नका. अरबीत होता. शाळेत शिकलेय ना, मी वाचला."

"मग उतरलीस कशाला?"

"तू सांगितलंस म्हणून."

परतताना हमरा गावाच्या पुढे एका खोलगट भागात रस्त्यावरून पाणी वाहत होतं. दोन गाड्या तशाच गेल्या. बस्त्यावभाऊंनी इंजिन बंद केलं. "आपण बसायचं," म्हणाले. अडीच तास बसलो, खजूर खाल्ले. जाणार असाल तर एवढं तरी करा: पाऊस सांगितला असेल तर बेत बदला, आणि वाहत्या पाण्यात गाडी घालू नका. मी पहिलं केलं नव्हतं.

घरी आल्यावर सगळं पुन्हा पुन्हा आठवलं. पाट तसाच आहे, हे म्हणाले होते तसाच. पण मनात राहिलं ते दुसरंच. ह्यांना मी कुठे पाठवलं नव्हतं, ते आपले गेले. तीन वर्षं त्याचा एक प्रकारचा आधार होता, माझ्या हातात काही नव्हतं असा. गौरीला मी पाठवलं होतं. ती माझं अजून ऐकते, स्वतः वाचलेलं बाजूला ठेवून ऐकते, हे मला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गौरीला समोर बसवलं आणि तिने काढून दिलेली अरबी अक्षरं गिरवायला घेतली. त्या भाषेत ड नाहीच, ती म्हणाली. द हे आठवं अक्षर. तिथपर्यंत गिरवली.